छेदात कोण आहे?

मी औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी वाचते. गेली अकरा वर्षं हेच माझं काम आहे. कुठेतरी कुणीतरी औषध घेतं, त्याला काही त्रास होतो, डॉक्टर किंवा नर्स किंवा तो स्वतः कळवतो आणि ती नोंद माझ्यासारख्या कुणाच्या तरी स्क्रीनवर येते. नाव नसतं. वय, लिंग, औषध, कितवा डोस, बॅच नंबर, काय झालं, किती दिवसांनी झालं. सगळ्यात शेवटी एक रकाना असतो: परिणाम. बरा झाला, बरा होत आहे, बरा झाला नाही, मृत्यू, माहीत नाही. यातलं एक काहीतरी निवडल्याशिवाय केस पुढे सरकत नाही.

महामारीत लसींच्या इतक्या केसेस हाताखालून गेल्या की बहुतेक आठवतही नाहीत. हात दुखला, ताप आला, दोन दिवस अंग मोडून आलं, मग बरं वाटलं. पण 2021 च्या सप्टेंबरमधली एक केस अजून डोक्यातून जात नाही. मुलगा, वय 17. दुसऱ्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी पहाटे छातीत दुखून जाग आली. आडवं झालं की दुखणं वाढायचं, पुढे वाकून बसलं की जरा कमी व्हायचं. आईला वाटलं पित्त असेल. दुपारी दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढलेलं निघालं. हृदयाच्या स्नायूला सूज. तीन दिवस भरती, दाह कमी करणाऱ्या गोळ्या, घरी जाताना सूचना: सहा महिने खेळ बंद. कळवणाऱ्या नर्सने शेरा लिहिला होता, ‘संघात खेळायचं तर दोन्ही डोस सक्तीचे होते, म्हणून घेतली.’

(केस थोडी बदलून, दोन-तीन केसेस एकत्र करून सांगतेय. त्या मुलाची ओळख मला ठाऊक नाही आणि कुणाला पटावी असंही मला वाटत नाही.)

आमच्या कामात नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात की तुझ्यासमोर येतो तो अपूर्णांकातला फक्त अंश, छेद तुझ्याकडे नसतो. एकूण किती जणांनी लस घेतली, त्यात या वयाचे किती, मुलगे किती, पहिला डोस किती जणांचा आणि दुसरा किती जणांचा, हे सगळं दुसरीकडून आणावं लागतं. आणि लसीनंतर झालं म्हणजे लसीमुळेच झालं असं नसतं. कोट्यवधी लोकांना टोचलं की त्याच आठवड्यात कुणाला तरी हृदयविकाराचा झटका येणार, कुणाला पक्षाघात होणार. ते एरवीही झालं असतं. म्हणून नुसत्या नोंदींचे स्क्रीनशॉट फिरवून ‘बघा किती मेले’ म्हणणाऱ्यांचा मला तेव्हाही संताप यायचा आणि आजही येतो. आम्ही काळजीपोटी लिहून ठेवलेल्या गोष्टी त्यांनी लोकांना घाबरवायला वापरल्या.

पण छेदाशी खेळ दुसऱ्या बाजूनेही झाला, आणि ती माझी बाजू होती, म्हणून जास्त लागतं.

एमआरएनए प्रकारच्या लसीनंतर (फायझर आणि मॉडर्ना या त्यातल्या) हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचं प्रमाण ‘दहा लाखांत मोजके’ असं सगळीकडे सांगितलं जात होतं. आकडा चूक नव्हता, पण त्याच्या छेदात सगळे होते: सत्तरीच्या आजीबाई, पंचेचाळिशीचे बाप, पहिला डोस घेतलेले, दुसरा घेतलेले. ती सूज मात्र बहुतेक एकाच घोळक्यात येत होती: तरुण मुलगे, दुसरा डोस, पहिल्या काही दिवसांत. अमेरिकेत पुढे नोंदींचा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हा फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर 16-17 वर्षांच्या मुलग्यांत दर दहा लाख डोसमागे सुमारे 106 केसेस निघाल्या आणि त्याच वयाच्या मुलींत सुमारे 11. इस्रायलमध्ये 16 ते 19 वयाच्या मुलग्यांत दुसऱ्या डोसनंतर साधारण 6,600 जणांमागे एक. त्यातल्या बहुतेकांचा त्रास सौम्य होता. अमेरिकेतल्या तिशीच्या आतल्या ज्या रुग्णांची माहिती मिळाली, त्यांतले जवळजवळ सगळे भरती झाले, पण 87 टक्क्यांची लक्षणं घरी जाईपर्यंत गेलेली होती. 6,600 त एक ही फार मोठी जोखीम नाही. पण ‘दहा लाखांत मोजके’ आणि ‘6,600 त एक’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि 17 वर्षांच्या मुलाला दुसरं वाक्य ऐकायचा हक्क होता.

त्याच सुमाराला माझ्या भाच्याचा फोन आला.

तो तेव्हा 19 वर्षांचा, घरापासून लांब एका विद्यापीठात शिकत होता. धावायचा, रोज आठ-दहा किलोमीटर. एप्रिलमध्ये त्याला कोविड होऊन गेला होता, तीन दिवस ताप आणि महिनाभर वास गेलेला. 6 सप्टेंबरला पहिला डोस घेतला. आता विद्यापीठाचा मेल आला होता की 15 ऑक्टोबरपर्यंत दुसऱ्या डोसचं प्रमाणपत्र जोडलं नाही, तर वसतिगृहाचं कार्ड बंद होईल. नेमकं त्याच आठवड्यात, 6 ऑक्टोबरला, स्वीडनने 1991 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मॉडर्नाची लस देणं थांबवलं होतं. फिनलंडनेही पाठोपाठ तरुण पुरुषांसाठी तसंच ठरवलं. त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर त्या बातमीवरून रात्रभर वाद चालला होता.

‘‘मावशी, तू रोज तेच वाचतेस ना? खरं सांग, घेऊ की नको?’’

कॉलवर ताईही होती. ती मधेच म्हणाली, ‘‘अगं, घे म्हणून सांग त्याला. उगाच वर्ष वाया जायला नको.’’

मी एका शब्दात उत्तर देऊ शकले नाही. आमची आई 74 वर्षांची. तिच्यासाठी लस आली त्या दिवशी मी सकाळी सहाला रांगेत उभी होते आणि क्षणभरही विचार केला नव्हता. कोविडमध्ये वयाचा फरक केवढा आहे ते 2020 मध्येच कळलं होतं. संसर्ग झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण पंचविशीत सुमारे 0.01 टक्का, पंच्याहत्तरीत 4.6 टक्के. म्हणजे साडेचारशे पटींहून जास्त. आईच्या तराजूत एका पारड्यात एवढं वजन होतं की दुसऱ्या पारड्याकडे बघायची गरजच नव्हती. भाच्याच्या तराजूत दोन्ही बाजूंना थोडं थोडंच होतं, आणि वजन थोडं असलं की ग्रॅम ग्रॅम मोजावं लागतं.

तराजू कसा मोजायचा हे मला पहिल्यांदा नीट दिसलं ते 2021 च्या एप्रिलमध्ये. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर क्वचित होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांचा प्रश्न आला तेव्हा ब्रिटनने एक तक्ता लोकांपुढे ठेवला. केंब्रिज विद्यापीठाच्या विंटन सेंटरने केलेला. डाव्या बाजूला निळे पट्टे: 16 आठवड्यांत दर एक लाखामागे किती जण आयसीयूत जाण्यापासून वाचतील. उजव्या बाजूला लसीमुळे होऊ शकणारा गंभीर त्रास. प्रसार कमी असताना 60-69 वयात 14.1 विरुद्ध 0.2. 20-29 वयात 0.8 विरुद्ध 1.1. म्हणजे विशीतल्या माणसाला त्या काळात त्या लसीचा स्वतःपुरता तोटा फायद्यापेक्षा किंचित जास्त. पण खरी गोष्ट पुढच्या चित्रात होती. तोच वयोगट, तीच लस, फक्त प्रसार जास्त, की 0.8 च्या जागी 6.9. लस तीच, मुलगा तोच, बाहेरची लाट बदलली आणि उत्तर उलटलं. तो तक्ता टीव्हीवर सगळ्यांसमोर दाखवला आणि तिशीच्या आतल्यांना वेगळी लस द्यावी असा सल्ला दिला. ऑफिसात आमच्यातले काही म्हणत होते, असं उघड सांगितलं तर लोक लसच घेणार नाहीत. मी त्या दिवशी तो तक्ता प्रिंट करून टेबलासमोर चिकटवला. आजही आहे, कडा पिवळ्या पडल्यात.

फोनवरच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात मी भाच्याला हेच समजावलं. कोविड झाल्यानंतरही हृदयाला सूज येते, आणि सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर लसीपेक्षा संसर्गानेच जास्त येते. फक्त तरुण पुरुष आणि मॉडर्नाचा दुसरा डोस, या एका कोपऱ्यात ते उलटं दिसतं. (पुढे इंग्लंडच्या आकडेवारीत हे ठळक झालं: चाळिशीच्या आतले पुरुष, मॉडर्नाच्या दुसऱ्या डोसनंतर दहा लाखांमागे 97 जादा केसेस, संसर्गानंतर 16.) तुला एकदा कोविड होऊन गेलाय, एक डोस झालाय, म्हणजे बरंचसं संरक्षण तुझ्याकडे आहे. दुसरा डोस मलाही हवासा वाटतो, पण घाईने नको. ब्रिटन दोन डोसांत 8 आठवडे ठेवतोय, अंतर जास्त असलं तर प्रतिकारशक्तीही चांगली तयार होते. मॉडर्ना सोडून दुसरी घे. नंतर आठवडाभर धावू नकोस, सिंगापूरनेही तरुणांना लसीनंतर काही काळ जोराचा व्यायाम टाळायला सांगितलंय. छातीत दुखलं, धाप लागली, धडधड वाढली, तर झोपून काढू नकोस, ईसीजी आणि ट्रोपोनिन करायला सांग.

‘‘म्हणजे घेऊ, पण तीन आठवड्यांनी?’’

‘‘हो. 1 नोव्हेंबरला 8 आठवडे होतात.’’

त्याने विद्यापीठाला मेल लिहिला. मला आधी पाठवला होता, सभ्य, सहा ओळींचा. मी लस नाकारत नाहीये, 1 नोव्हेंबरला घेतो, एप्रिलमधल्या कोविडचा रिपोर्ट सोबत जोडलाय. दोन दिवसांनी उत्तर आलं: फॉर्मवर दोनच पर्याय आहेत. लसीकरण पूर्ण, किंवा वैद्यकीय अथवा धार्मिक कारणाने सूट. तिसरा पर्याय नाही. त्याच वेळी युरोपियन युनियनच्या कोविड प्रमाणपत्रात आजारातून बरं झाल्याची नोंद 180 दिवस चालत होती. इथे तिला रकानाच नव्हता.

14 ऑक्टोबरला त्याने दुसरा डोस घेतला. काहीही झालं नाही. मी रोज रात्री मेसेज करायचे, तो अंगठा पाठवायचा. आठव्या दिवशी त्याने धावायला गेल्याचा फोटो टाकला तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला. त्याला काही झालं नाही हे अपेक्षितच होतं, हजारो मुलांपैकी एकालाच होतं. पण ज्या तीन आठवड्यांनी कुणाचंही काही बिघडणार नव्हतं आणि त्याची जोखीम कदाचित कमी झाली असती, ते त्याला मिळाले नाहीत, कारण फॉर्म बनवणाऱ्याने छेदात कोण आहे हे पाहिलंच नव्हतं. पुढे कॅनडातल्या ओंटारियोच्या नोंदींत दिसलं की दोन डोसांतलं अंतर वाढलं की ही सूज खरोखर कमी येते.

मी सक्तीच्या सरसकट विरोधात नाही. देवीच्या साथीत अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज शहराने लस सक्तीची केली आणि 1905 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तो निकाल मला पटतो. दंड होता 5 डॉलर, तेही आठवणीत ठेवण्यासारखं. अतिदक्षता विभागातल्या नर्सने लस घेतलेली असावी, हेही मला पटतं. महामारीत इटलीने पन्नाशीपुढच्यांना सक्ती केली, ग्रीसने साठीपुढच्यांना. त्यात निदान ज्याच्यावर सक्ती त्याचाच सगळ्यात मोठा फायदा, एवढं तर होतं. ऑस्ट्रियाने 18 वर्षांपुढच्या सगळ्यांना केली, फेब्रुवारी 2022 मध्ये कायदा लागू झाला, मार्चमध्ये थांबवला आणि काही महिन्यांत रद्दच केला.

तरुणांवरच्या सक्तीचं एक कारण सगळे देत होते: तुझ्यासाठी नाही, तुझ्या आजीसाठी घे. मला हे कारण तुच्छ वाटत नाही. भाच्याला ते मनापासून पटलं होतं, आजीवर त्याचा जीव आहे. पण दुसऱ्यासाठी घ्यायला लावायची, तर ती दुसऱ्याला खरंच वाचवते का, हे सतत तपासत राहणं सक्ती करणाऱ्याचं काम आहे. डेल्टाच्या सुरुवातीला वाचवत होती, काही महिने, बऱ्यापैकी. नोव्हेंबर 2021 मध्ये ओमायक्रॉन आला आणि डिसेंबरात भाच्याचा अख्खा मजला पॉझिटिव्ह निघाला, जिथे दोन डोस झाल्याशिवाय कुणाला पायही ठेवता येत नव्हता. त्यांच्यापैकी कुणी गंभीर आजारी पडलं नाही. पण संसर्ग थांबला नव्हता हेही सगळ्यांनी पाहिलं. आणि जानेवारीत मेल आला: तिसरा डोस सक्तीचा. वीस वर्षांचा मुलगा, दोनदा होऊन गेलेला कोविड, दोन डोस. त्या तिसऱ्या डोसचं समर्थन मला करता आलं नाही. मी लसीच्या बाजूने बोलणारी बाई, आणि ताईने विचारलं तेव्हा मी गप्प बसले.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 ला दिलेला निकाल मी त्या रात्री वाचला. लसीकरणाचं धोरण योग्य म्हटलंय, मुलांचं लसीकरणही. पण कुणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, आणि लस न घेतलेल्यांकडून जास्त प्रसार होतो असं दाखवणारा पुरेसा डेटा समोर आला नसल्याने त्या वेळचे निर्बंध प्रमाणबाहेर ठरतात, असंही म्हटलंय. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते शेवटी: दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना आणि खासगी डॉक्टरांना स्वतः करता याव्यात आणि त्या सगळ्यांना पाहता याव्यात, अशी सोय करा. आमच्या कामाबद्दल इतक्या वरून कुणी बोललेलं मी पहिल्यांदा वाचलं.

लोक विचारतात, उघड सांगितल्याने विश्वास उडत नाही का? फिनलंडचं उदाहरण मला नेहमी आठवतं. 2009 च्या स्वाइन फ्लूत तिथे पॅन्डेमरिक्स नावाची लस दिली. 2010 मध्ये फिनलंड आणि स्वीडनमध्येच लक्षात आलं की लस घेतलेल्या काही मुलांना, किशोरांना नार्कोलेप्सी होतेय, दिवसाढवळ्या अचानक झोप लागण्याचा, आयुष्यभराचा आजार. फिनलंडमध्ये 4 ते 19 वयात साधारण 16,000 मुलांमागे एक. तिथल्या सरकारी तज्ज्ञांनी स्वतः तपासलं, स्वतः जाहीर केलं, आणि त्या मुलांना भरपाई मिळाली. तेच 2021 मध्ये सिंगापूरने केलं. 16 वर्षांचा मुलगा, लसीनंतर सहाव्या दिवशी वजनं उचलताना हृदय बंद पडलं, जगला. त्याला 2,25,000 सिंगापूर डॉलर दिले, आणि ‘लसीमुळे झालं असण्याची शक्यता आहे’ असं लिहून दिलं. ते वाक्य लिहायला सरकारला धीर लागतो.

लसींनी पहिल्या एका वर्षात जगभरात सुमारे 1 कोटी 98 लाख मृत्यू टाळले असा एक अंदाज आहे. त्या आकड्यात माझी आई असेल असं मला वाटतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याचं इतकं वाईट वाटतं. भाच्याने तिसरा डोस घेतला, मुकाट्याने. वर्षभराने मी त्याला एचपीव्हीची लस घे म्हटलं. कर्करोग टाळणारी लस आहे, मुलग्यांनाही देतात, आणि इतकी वर्षं वापरात असल्याने तिच्या नोंदी मी स्वतः पोत्यांनी वाचल्यात. तो म्हणाला, ‘‘मावशी, तू सांगतेस म्हणून ऐकतो. पण ते सगळे सगळ्याच लसींबद्दल एकसारखंच बोलतात गं. खरं कुठलं आणि फॉर्मपुरतं कुठलं, मला कळत नाही.’’ रागाने बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो थकल्यासारखा बोलत होता. त्याला मी तो पिवळा पडलेला तक्ता फोटो काढून पाठवला. म्हटलं, एचपीव्हीसाठीही असाच करून देते, दोन्ही बाजूंचे पट्टे दाखवते, मग ठरव. तक्ता करून पाठवलाय. अजून उत्तर नाही.

त्या 17 वर्षांच्या मुलाच्या केसबद्दल सांगायचं राहिलं. पहिल्या नोंदीत परिणामाच्या रकान्यात मी ‘बरा होत आहे’ निवडलं होतं. अशा केसेसमध्ये पुन्हा विचारायचं असतं: एमआरआय केला का, हृदयावर व्रण दिसतो का, औषध चालू आहे का, खेळायला लागला का. मी कळवणाऱ्या नर्सला पत्र पाठवलं. महिन्याने दुसरं पाठवलं. सहा महिन्यांनी, त्याची खेळायची बंदी संपायची होती त्या आठवड्यात, नियमात बसत नसताना तिसरं पाठवलं. उत्तर आलं नाही. संघाकडे त्याच्या दोन्ही डोसांच्या तारखा आणि बॅच नंबर असतील, नीट फाइल करून ठेवलेले. मी रकाना बदलून ‘माहीत नाही’ केला आणि केस बंद केली.